पाठचं भावंड आलं आणि थोरलं सुजलं



मागच्या एका भागानंतर गटाच्या बैठकीत एका आजींनी आम्हाला विचारलं, "पोर अंगानं भरलेलं दिसतंय, गाल वर आलेत, मग अंगणवाडीची ताई त्याला कुपोषित का म्हणते?" त्यांचा नातू दोन वर्षांचा. त्याच्या पाठीवर बहीण झालेली, म्हणून त्याचं अंगावरचं दूध तुटलेलं. ताईनं त्याच्या पायावर अंगठा दाबून धरला आणि उचलला, तर खळगा तसाच राहिला. ते बाळसं नव्हतं, ती सूज होती.

आजींचा प्रश्न साधा होता, पण त्याच्या उत्तराला नव्वदहून अधिक वर्षं लागली आहेत. ते बहुतेक आफ्रिकेतल्या गरीब रुग्णालयांमध्ये, तिथल्या आयांच्या आणि मुलांच्या सोबतीनं सापडलं. आज आपण तीच गोष्ट ऐकणार आहोत.

पश्चिम आफ्रिकेत आज घाना नावाचा देश आहे. तेव्हा तिथं इंग्रजांचं राज्य होतं आणि त्या मुलखाला गोल्ड कोस्ट म्हणत. 1929 साली सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरबाई तिथं नोकरीला गेल्या. जन्म जमैकाचा, शिक्षण ऑक्सफर्डचं. अक्रा शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात त्यांच्यापुढं एकसारखी दिसणारी मुलं येऊ लागली. वय एक ते चार वर्षं. हातापायांवर सूज, कातडी काळवंडून सोलल्यासारखी, केस विरळ आणि तांबूस, स्वभाव किरकिरा. बरीचशी मुलं थोड्याच दिवसांत दगावत. पुस्तकांत या आजाराचं धड वर्णन नव्हतं.

विल्यम्स बाईंनी मग आयांनाच विचारलं, की तुम्ही याला काय म्हणता? तिथल्या गा भाषेत बायकांकडे शब्द तयार होता, 'क्वाशिओरकोर'. नवं बाळ आल्यावर आईच्या कुशीतून बाजूला सरलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. दूध तुटलं की त्या मुलाच्या वाट्याला मक्याची पेज यायची आणि दुसरं फारसं काही नाही. पोट भरायचं, अंगाला लागायचं नाही. बाईंनी 1933 साली या आजारावर लेख लिहिला आणि 1935 साली 'लॅन्सेट' या मोठ्या वैद्यकीय मासिकात आयांचाच शब्द नाव म्हणून छापला. आज जगभरचे डॉक्टर तोच शब्द वापरतात.

त्या वेळच्या जाणकार डॉक्टरांना हे पटलं नाही. हा जुनाच, पेलाग्रा नावाचा आजार आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. 1936 साली बाईंची बदली दूर मलायात झाली. तिथं त्यांना दुसरंच दिसलं. डब्यातलं गोड आटीव दूध विकणाऱ्या कंपन्या नर्ससारखे कपडे घातलेल्या बायका घरोघर पाठवत. आया अंगावरचं दूध सोडून डबा घेत आणि मुलं मरत. 1939 साली सिंगापूरला मोठ्या लोकांच्या सभेत बाई उभ्या राहिल्या. भाषणाचं नावच होतं 'दूध आणि खून'. पुढं महायुद्धात त्या जपान्यांच्या कैदेत पडल्या, त्यातून वाचल्या आणि 1948 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या माता-बाल विभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या.

आजाराला नाव मिळालं, पण मुलं वाचू लागली का? फारशी नाही. 1950 ते 1990 या काळात कितीतरी रुग्णालयांत अतितीव्र कुपोषणानं दाखल झालेल्या शंभर मुलांपैकी वीस-तीस मुलं दगावत. काही ठिकाणी याहूनही जास्त. एवढं शास्त्र पुढं गेलं, मग असं का?

याचं उत्तर आपल्याला चुलीवरून कळेल. पहाटे चुलीत राखेखाली एखादा निखारा धुगधुगत असतो. त्यावर आपण एकदम मोठं लाकूड टाकतो का? टाकलं तर उरलेला निखाराही विझतो. आपण आधी काटक्या घालतो, हळू फुंकर मारतो. कुपोषित मुलाचं शरीर त्या निखाऱ्यासारखं असतं. काळीज, मूत्रपिंड, आतडी, सगळ्यांनी काम कमी करून जीव धरून ठेवलेला असतो. त्याला एकदम भरपूर खाऊ घातलं, मीठ दिलं, भराभर सलाईन चढवलं, की ते झेपत नाही. सूज उतरवण्याचं औषध दिलं तर जीवच धोक्यात येतो. पहिल्या दिवसांत लोहाचं औषधही घातक ठरतं. म्हणजे उपचार मायेनंच होत होते, पण शरीराला झेपतील अशा बेतानं होत नव्हते.

हे उमगल्यावर 1999 साली जागतिक आरोग्य संघटनेनं दहा पायऱ्यांची पद्धत छापली. मुलाला ऊब द्या. रक्तातली साखर उतरू देऊ नका. ताप नसला तरी जंतूंवरचं औषध द्या, कारण इतक्या अशक्त शरीराला ताप आणायचीही ताकद नसते. आधी पातळ, हलकं दूध थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. भूक परत आली की मग दाट दूध आणि वजन वाढवणारं जेवण.

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप भागातल्या दोन खेड्यांतल्या रुग्णालयांनी ही पद्धत घेतली. महागडं यंत्र आणलं नाही. नर्सना शिकवलं आणि रात्रीचं दूध चुकू दिलं नाही. एका रुग्णालयात आधी शंभरातली 46 मुलं जात होती, ती 21 वर आली. दुसऱ्यातही मृत्यू घटले, पण नवखे डॉक्टर आले, देखरेख सुटली आणि ते पुन्हा वाढले. म्हणजे पद्धत कागदावर असून भागत नाही, रात्री दोन वाजता उठून दूध पाजणारं कुणीतरी लागतं.

केनियाच्या किनाऱ्यावर किलिफी नावाचं गाव आहे. तिथल्या रुग्णालयात 1989 पासून संशोधन चालतं. 1998 ते 2002 या काळात तिथं दाखल झालेल्या मुलांचं रक्त तपासलं गेलं. दगावलेल्या दर चार मुलांमागे साधारण एकाच्या रक्तात जंतू शिरलेले निघाले. त्यातली जवळजवळ एक तृतीयांश मुलं दाखल झाली त्याच दिवशी गेली. डॉक्टरांच्या हाती वेळच उरला नव्हता.

आता सलाईनची गोष्ट. आपल्याकडे पेशंटला सलाईन लावलं नाही तर डॉक्टरनं काही केलंच नाही असं वाटतं. श्रीमंत देशांतही तापानं हातपाय गार पडलेल्या मुलाला भराभर सलाईन देण्याची रीत होती. केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या सहा रुग्णालयांनी ती तपासून पाहिली. 3141 मुलं त्यात होती. 2011 साली निकाल आला. भराभर सलाईन दिलेल्यांपैकी शंभरातली दहा-अकरा मुलं दोन दिवसांत गेली, न दिलेल्यांपैकी सात. ही रीत जीव वाचवते असं सगळे धरून चालले होते, आणि तिनंच जीव जात होते. मात्र लक्षात ठेवा, जुलाबानं सुकलेल्या मुलांचा या तपासणीत समावेश नव्हता. जुलाबात जलसंजीवनी लागतेच, ती थांबवायची नाही. फक्त मूल कुपोषित असेल तर किती आणि कशी द्यायची हे नर्सला विचारा.

रुग्णालयाच्या आत एवढं घडत असताना आईच्या घराचं काय? आई तीन-चार आठवडे दवाखान्यात, बाकीची मुलं घरी, शेत तसंच पडलेलं. युगांडात कंपाला शहरातल्या मुलागो रुग्णालयानं 1965 साली 'म्वानामुगिमु' नावाचा विभाग काढला. तिथल्या भाषेत याचा अर्थ धडधाकट मूल. आई मुलापाशी राहायची आणि आपल्याच भागातलं धान्य, शेंगदाणे, मासे, भाजी एकत्र शिजवायला शिकायची. 1996 साली फ्रान्समध्ये शेंगदाण्याचा कूट, दूधभुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-क्षार यांचं दाट चाटण तयार झालं. त्यात पाणी घालावं लागत नाही, म्हणून ते नासत नाही आणि घरीच देता येतं. मलावी आणि इथिओपियात ते वापरून पाहिलं गेलं. 2007 साली जागतिक संस्थांनी मान्य केलं, की ज्या मुलाला भूक आहे आणि दुसरा मोठा आजार नाही, ते घरीच बरं होऊ शकतं.

सगळं उलगडलंय असं मात्र नाही. मलावीत जुळ्या मुलांचा अभ्यास झाला. एकच आई, एकच ताट, तरी एकाला सूज येते आणि दुसऱ्याला नाही. नेमकं का, याचा शोध अजून चालू आहे. म्हणून आईला दोष देणाऱ्यांना आपण हे नक्की सांगायचं.

शेवटची गोष्ट सगळ्यात जवळची. आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सहा देशांतल्या नऊ रुग्णालयांनी दोन वर्षांखालच्या 3101 आजारी मुलांवर, घरी सोडल्यानंतरही सहा महिने लक्ष ठेवलं. 2022 साली निष्कर्ष छापून आला. 350 मुलं गेली. त्यातली 168, म्हणजे जवळजवळ निम्मी, दवाखान्यातून घरी सोडल्यावर गेली. डिस्चार्जचा कागद हाती आला म्हणजे मूल बरं झालं असं नाही. नंतरचे दिवस आपल्या अंगणात, आपल्या गल्लीत जातात.

मैत्रिणींनो, अंगणवाडीत दंडाला लावतात ती पट्टी आठवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते अतितीव्र कुपोषण. हेच माप मलावीत, केनियात आणि आपल्या मेळघाटात चालतं. नायजर देशात आयांनाच ती पट्टी शिकवली, आणि त्यांनी मुलांचे दंड नीट मोजून दाखवले. मग आपल्याला का येऊ नये?

आम्ही त्या आजींना एवढंच सांगितलं, की दोन्ही पायांवर दाबून खळगा राहिला तर वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्या गेल्या. नातू पोषण पुनर्वसन केंद्रात राहून घरी आला. आता गटातल्या बायकांनी वार वाटून घेतलेत. रोज एक जण संध्याकाळी त्याच्या घरी डोकावते. खाल्लं का, जुलाब झाले का, ताप आहे का, एवढंच विचारते.

तुमच्या गावात गेल्या सहा महिन्यांत कुठलं मूल दवाखान्यातून घरी आलंय? पुढच्या बैठकीत हिशेबाची वही उघडण्याआधी त्यांची नावं आठवून बघा.