सणाचे ताट, रोजचे ताट : नागपूरच्या विणकराच्या स्वयंपाकघराचा इतिहास

१/ मोबाईलवर नागपूरच्या खाण्याविषयी शोध घेतला, की एकच दृश्य पुन्हा पुन्हा समोर येते. स्टीलच्या वाटीत काळपट लाल रस्सा, त्यावर बोटभर तर्री, आणि खाणाऱ्याच्या कपाळावर घामाचे थेंब. सावजी जेवण हे आज या शहराचे आवडते मनोरंजन झाले आहे. त्या चित्रफितींखाली एक प्रश्न हमखास विचारला जातो : आपल्या पूर्वजांना हे रोज पचत कसे होते? आजचा धागा या प्रश्नाविषयी.

२/ थोडक्यात उत्तर असे की पूर्वज हे रोज खात नव्हते. आपण ज्याला परंपरा म्हणतो, ते विणकराचे सणासुदीचे ताट होते. त्याचे रोजचे ताट वेगळे होते आणि आजच्या आहारशास्त्राला आवडावे असे होते. सणाचे ताट टिकले, रोजचे हरवले. हे का घडले, ते समजण्यासाठी हातमागापासून सुरुवात करावी लागेल.

३/ नागपूर हे भोसल्यांच्या काळापासून विणकरांचे शहर. इथली रेशीमकाठी लुगडी आणि धोतरे दूरवर जात. हलबा-कोष्टी समाजाची वस्ती पाचपावली, तांडापेठ, गोळीबार चौक या भागांत दाट होती. याच समाजात ‘सावजी’ हे आदराचे संबोधन. पुढे माणसाचे संबोधन जेवणाला चिकटले.

४/ १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपुरात पोहोचली. १ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आले, त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी नागपुरात कापडाची गिरणी सुरू केली. म्हणून तिचे नाव ‘एम्प्रेस मिल’. नंतर मॉडेल मिलही आली. हातमाग आणि गिरणी शहरात शेजारी शेजारी चालू लागली. अनेक घरांत एक भाऊ मागावर, तर दुसरा पाळीवर.

५/ आता या घरातले रोजचे ताट पाहू. ज्वारीची भाकर. सोबत झुणका किंवा तुरीचे वरण. पावसाळ्यात आणि त्यानंतर अंबाडीची भाजी, तीही ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वर लसणाची फोडणी. कधी ताकातल्या कण्या. आणि बारा महिने जवसाची चटणी. गिरणीत जाणाऱ्या डब्यात भाकर, झुणका आणि ठेचा.

६/ या ताटाला कोणी पौष्टिक म्हणत नव्हते. जे शेतात पिकते आणि खिशाला परवडते, ते ताटात येई. परंतु हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांशी त्याची तुलना केली, तर चित्र बोलके आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, पॉलिश केलेल्या तांदळात ३ ग्रॅमहूनही कमी. भाकर पोटात सावकाश पचते. आठ-दहा तास उभ्याने काम करणाऱ्याला याची किंमत तक्त्यावाचून ठाऊक होती.

७/ जवसाची गोष्ट अधिक रोचक आहे. जवसाच्या तेलात साधारण अर्धा भाग ओमेगा-३ गटातील स्निग्धाम्लाचा असतो. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या प्रदेशाला ही मोठी देणगी. मात्र अख्खा दाणा पोटातून बहुधा तसाच निघून जातो. तो भाजून, कुटूनच खावा लागतो. चटणीची कृती नेमकी हीच आहे : जवस भाजा, लसूण-मिरची-मीठ घाला, खलबत्त्यात कुटा.

८/ जवसाचे तेल हवेशी संयोग पावून लवकर खवट होते. याच गुणामुळे ते रंगात आणि वार्निशात वापरतात. म्हणून खाण्याचे तेल थोडे थोडे आणि ताजे आणावे लागे. घाणा वस्तीजवळ असे, आणि तेली व कोष्टी या दोन समाजांचा व्यवहार रोजचा असे.

९/ इथे नागपूरच्या सर्वांत मोठ्या लोकोत्सवाची आठवण होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. ही प्रथा १८८०च्या दशकापासूनची मानली जाते आणि पिवळ्या मारबतीची परंपरा तेली समाजाने जपली आहे. रोगराई आणि वाईट चालीरीती गावाबाहेर घालवण्याचे साकडे मारबतीला घालतात. सोबत बडगे निघतात, त्यांत त्या वर्षीच्या राजकारणाची आणि महागाईची थट्टा असते. आरोग्याची चिंता आणि करमणूक एकाच मिरवणुकीत, इटवारी-महालच्या रस्त्यांवर.

१०/ करमणुकीची इतर साधनेही होती. पूर्व विदर्भातून आलेली माणसे दंडार आणि खडी गंमत सोबत घेऊन आली होती. नंतर चित्रपटगृहे आली. १९४८ मध्ये आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले. आणि पगाराचा दिवस, पाहुणे, लग्नकार्य किंवा सण आला की आणखी एक करमणूक असे : मटण.

११/ इथून सावजी रस्सा सुरू होतो. पाट्यावर वाटलेले सुके खोबरे, खसखस, धने, दगडफूल, लवंग, मिरे. काही घरांत दाटपणासाठी भाजलेली ज्वारीही. फोडणी जवसाच्या तेलाची. या मसाल्याचे वाटण म्हणजे बाईच्या दोन्ही हातांचे अर्ध्या दिवसाचे काम. रोज असे काम करून, मागावर कांड्या भरण्यालाही हात लावणे कोणत्याही घराला शक्य नव्हते.

१२/ सावजी खानावळीचा फलक नीट वाचला तर तोही इतिहास सांगतो. खूर, मुंडी, सुंदरी, खिमा गोळी. यांतले बरेचसे बकऱ्याचे स्वस्त भाग आहेत. भारी मांसाला इतका मसाला लागत नाही. पाय आणि आतडी चविष्ट करायला तो लागतो. पाटवडीचा रस्सा तर बेसनाचा. मटणाचा दिवस नसेल किंवा पैसा नसेल, तर वडी रस्श्यात घालून मेजवानीची हौस भागवता येते. हे जेवण श्रीमंतीतून जन्मलेले नाही.

१३/ शिवाय ते खाण्याची रीतही वेगळी होती. तिखट रस्सा थोडा, भाकर किंवा भात जास्त. एका पातेल्यात दहा-बारा माणसांचे कुटुंब जेवणार, म्हणून रस्सा पातळ आणि झणझणीत. तिखटपणा हा वाढपाचा हिशेब होता : थोड्याशा रस्श्यात पुष्कळ भाकर खाल्ली जावी. आजच्या टेबलावर हे प्रमाण उलटे झाले आहे.

१४/ मग हे ताट बाजारात का आले? यंत्रमागापुढे हातमाग मागे पडत गेला. गिरण्याही आजारी पडल्या. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागेवर आज एम्प्रेस मॉल उभा आहे. भोंगा थांबला तिथे खरेदीचे संगीत वाजते.

१५/ माग बंद पडलेल्या घरात विकण्यासारखे काय उरते? कौशल्य. पुरुषाच्या हातातले कौशल्य बाजाराने नाकारले, बाईच्या हातातले स्वीकारले. घराच्या पुढच्या खोलीत चार बाके टाकून सावजी भोजनालये चालू लागली. मागच्या खोलीत तीच बाई, तोच पाटा. हातमागाच्या उतरणीच्या काळातच ही भोजनालये शहरभर पसरली. नागपूरच्या झणझणीत रस्श्यामागे एका धंद्याचा मृत्यू आहे, हे आपण चव घेताना विसरतो.

१६/ गिऱ्हाईक बाहेर खायला येते ते सणाचे खायला. भाकर आणि अंबाडीसाठी कोणी पैसे मोजत नव्हते. म्हणून सणाचे ताट विकले गेले, चालले, गाजले. जवसाच्या तेलाच्या जागी स्वस्त रिफाइंड तेल आले. आठवड्या-महिन्यातून एकदाचा पदार्थ कोणत्याही दिवशी मिळू लागला. तर्रीची सवय सकाळच्या पोह्यांपर्यंत पोहोचली.

१७/ दुसरीकडे रोजचे ताट शेतातूनच उखडले गेले. रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ मिळू लागला. १९८०नंतर विदर्भाच्या शिवारात सोयाबीन पसरले, ज्वारी आणि जवस मागे हटले. ज्वारीच्या कडब्यावर बैल जगत, तोही आधार गेला. १९०६ साली स्थापन झालेल्या नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधन आजही चालते. वाण आहेत, पेरणारे हात मात्र कमी झाले.

१८/ याच काळात स्वयंपाक हा पाहण्याचा विषय झाला. नागपूरचे विष्णू मनोहर दूरचित्रवाणीच्या पाककृतींच्या कार्यक्रमातून घराघरांत पोहोचले. २०१७ मध्ये त्यांनी नागपुरात सलग पन्नास तासांहून अधिक काळ स्वयंपाक करून विक्रम केला आणि तो पाहायला गर्दी लोटली. आता प्रत्येकाच्या खिशात पडदा आहे. पडद्याला लालभडक तर्री शोभते. करड्या रंगाच्या कण्या तिथे दिसत नाहीत.

१९/ २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. ज्वारी पुन्हा प्रतिष्ठित झाली, जवस ‘फ्लॅक्ससीड’ या नावाने चकचकीत पाकिटात परत आले. ज्या घरांनी ते पिढ्यानपिढ्या खाल्ले, त्यांतल्या कित्येकांना ते आता भाजी-भाकरीच्या हिशेबात महाग वाटते. गरिबीची खूण म्हणून टाकलेले ताट श्रीमंतीची खूण म्हणून परतले, ही या इतिहासातली बोचणारी बाब.

२०/ म्हणून सावजीला दोष देण्याचे कारण नाही. त्या रस्श्याने माग बंद पडलेली घरे जगवली. तो सणाचा आहे, इतकेच लक्षात ठेवून खावा. महिन्यातून एकदा खावा आणि घाम पुसत मनसोक्त खावा.

२१/ उरलेल्या दिवसांसाठी घरातल्या आजीला किंवा मावशीला एकदा विचारा : पाहुणे नसताना, सण नसताना, तुमच्या घरी काय शिजायचे? सणाच्या पाककृती पुस्तकांत आणि चित्रफितींत सुरक्षित आहेत. रोजच्या पाककृती केवळ त्यांच्या स्मरणात आहेत. त्या सांगतील ते लिहून ठेवा आणि इथे खालीही लिहा. विदर्भाच्या रोजच्या ताटाची नोंद आपण मिळून करू.

(धागा समाप्त)