रेडिओवरचे पहिले आवाज
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

'गीतरामायण' म्हटले की आपल्या कानात एकच आवाज घुमतो, सुधीर फडके यांचा. बाबूजींनी गाणी गावीत आणि महाराष्ट्राने ऐकावीत, हे समीकरण इतके पक्के बसले आहे की, मूळ गीतरामायण एकट्याचे नव्हतेच, असे सांगितले तर तरुण श्रोते चकित होतात. पण इतिहास तसाच आहे. तो नीट समजून घ्यायचा असेल, तर ध्वनिमुद्रिका बाजूला ठेवून रेडिओच्या स्टुडिओत शिरावे लागते.

पुणे आकाशवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. तिथले सीताकांत लाड हे ग. दि. माडगूळकरांचे स्नेही. नव्या केंद्रासाठी वर्षभर चालेल असे काहीतरी लिहा, हा आग्रह त्यांचा. त्यातून 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीच्या शुक्रवारी, सकाळी पावणेनऊ वाजता पहिले गीत प्रसारित झाले. दर शुक्रवारी नवे गीत आणि शनिवारी-रविवारी त्याचीच उजळणी, असा क्रम होता. आठवड्याला एक या हिशेबाने 52 गीते व्हायची. पण त्या वर्षी अधिकमास आला आणि पुढच्या रामनवमीपर्यंत, म्हणजे 19 एप्रिल 1956 पर्यंत, गीतांची संख्या 56 झाली. पंचांगाने कवीकडून चार गाणी जास्त लिहून घेतली, असे म्हणायला हरकत नाही.

संगीत सर्व फडक्यांचे, गळे मात्र अनेक. रामाची गीते स्वतः फडके गात. सीतेसाठी माणिक वर्मा, कौसल्येसाठी ललिता फडके. शिवाय वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, बबनराव नावडीकर, मालती पांडे, योगिनी जोगळेकर, लता मंगेशकर अशी किती नावे सांगावीत! रामायणातले प्रत्येक पात्र आपल्या तोंडाने बोलते, ही माडगूळकरांची मूळ कल्पना, आणि रेडिओने ती शब्दशः पाळली. पुढे 1965 साली फडक्यांच्या एकट्याच्या आवाजात एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या अप्रतिमच आहेत. पण दुकानात मिळते ते टिकते आणि हवेतून येते ते हवेत जाते. घरोघरी वाजणाऱ्या तबकडीने रेडिओवरचे ते संमेलन लोकांच्या स्मरणातून हळूहळू मागे सारले.

मी राहतो हिवरखेडला, अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. पुण्याचे केंद्र इथे सकाळी ऐकू येणे अवघडच. मध्यम लहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून दूरवर पोचतात. सूर्य वर आला की तो आधार जातो आणि लहरी जमिनीलगत थोडे अंतर चालून विरतात. म्हणून आमच्या भागात या गाण्यांचे आवाज आले ते मुख्यतः नंतर, पुनःप्रसारणांमधून आणि नातेवाइकांनी टेप करून आणलेल्या कॅसेटींमधून. अकोट, तेल्हारा, परतवाडा इथल्या घरांतून अशा कॅसेटी गोळा करून त्यांची नोंदवही तयार करणे, हा गेल्या काही वर्षांतला माझा उद्योग आहे.

या उद्योगात गाण्याइतकेच महत्त्व गाण्याआधीच्या चार शब्दांना. निवेदकाने गायकाचे नाव घेतले असेल, तर तो पुरावा. पण टेप करणाऱ्याने नेमके तेच कापलेले असते! 'बोलणं कशाला भरायचं, कॅसेट संपते' हा त्या काळचा काटकसरी हिशेब. दुसरी अडचण वेगाची. सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर भरलेले गाणे चांगल्या यंत्रावर लावले की भरभर पळते. वेग शंभराला सहाने वाढला की स्वर अर्ध्या पायरीने चढतो. काळी दोनचे गाणे पांढरी तीनमध्ये ऐकू येते. मग ओळखीचा गळाही परका वाटतो. पेटी जवळ घेऊन पट्टी जुळवल्याशिवाय 'हा आवाज अमक्याचा' असे वहीत लिहायचे नाही, हा मी घालून घेतलेला नियम.

कधी यंत्रापेक्षा माणूस खरा ठरतो. त्या वर्षी पुण्यात भावाकडे राहिलेल्या एका आजींना मी सीतेचे एक गाणे ध्वनिमुद्रिकेवरून ऐकवले. त्या लगेच म्हणाल्या, "हे गानं तं बाईच्या आवाजात व्हतं न बाप्पा!" इतक्या वर्षांनी! रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकणारी ती पिढी. त्यांच्या कानात शुक्रवार सकाळ अजून शिल्लक होती.

असाच प्रकार साहेबाच्या देशातही घडला आहे. 'बीटल्स' या चौघा पोरांच्या बँडने मार्च 1962 ते जून 1965 या काळात बीबीसी रेडिओसाठी 88 वेगवेगळी गाणी मिळून 275 वेळा गायली-वाजवली. त्यातली 36 गाणी त्यांनी त्या काळात तबकडीवर आणलीच नाहीत. पण बीबीसीने बहुतेक टेपा जपल्या नाहीत. टेप महाग, कपाटे अपुरी, आणि पॉप गाण्यांना कोण विचारतो, ही वृत्ती. पुढे केव्हिन हाउलेट या निर्मात्याने शोध घेतला. परदेशी केंद्रांसाठी काढलेल्या तबकड्या आणि श्रोत्यांनी घरी भरून ठेवलेल्या टेपा यांतून बरेच काही हाती लागले, आणि 1994 साली 'लाइव्ह ॲट द बीबीसी' हा संग्रह निघाला. त्यात गाणी किती? 56! योगायोगच, पण मला तो फार गोड वाटतो.

त्या संग्रहात गाण्यांच्या मधले बोलणे, थट्टा, निवेदकाशी झालेली जुगलबंदी मुद्दाम ठेवली आहे. कारण स्टुडिओतले रेकॉर्डिंग हे नुसते गाणे नसते, त्या दिवसाची हवा असते. एका बैठकीत सगळे वादक, सगळा जमाव, आणि हाताशी वेळ थोडा. पुण्यात दर आठवड्याला नवे गीत यायचे, त्याला चाल लागायची, तालीम व्हायची, आणि शुक्रवार कुणासाठी थांबत नसे. त्या घाईतला ताजेपणा नंतरच्या सफाईदार मुद्रणात येत नाही. तसा येऊही नये.

गीतरामायण भाग्यवान. त्याचे शब्द 1957 च्या विजयादशमीला केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने पुस्तकरूपाने काढले. पण आमच्या वऱ्हाडातली खंजिरीवाली भजनी मंडळे, दंडारीचे फड, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बाया? नागपूर केंद्र 1948 पासून चालू आहे. तिथे अशी कितीतरी मंडळी आली, माइकसमोर बसली, गाऊन परत गेली. त्यांच्या तबकड्या कुणी काढल्या नाहीत. त्यांचा आवाज कुठे उरला असेल, तर तो आपल्याच माळ्यावरच्या, चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात वाकड्या झालेल्या एखाद्या कॅसेटमध्ये.

म्हणून विनंती एवढीच. दिवाळीच्या साफसफाईत ती पेटी भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडा. कॅसेटच्या पाठीवर पेन्सिलने काही लिहिले आहे का पाहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून ती लावा, आणि ते जे नाव सांगतील, ते त्याच दिवशी लिहून ठेवा.