गोन्साल्विस, अँथनी

(१९२७ – १८ जानेवारी २०१२). भारतीय व्हायोलिनवादक, वाद्यवृंदरचनाकार व संगीतशिक्षक. पूर्ण नाव अँथनी प्रभू गोन्साल्विस. जन्म गोव्यातील सासष्टी तालुक्यात, माजोर्डा या किनाऱ्यालगतच्या गावी. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या शिस्तीत घडलेल्या ज्या गोमंतकीय वादकांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदाला आकार दिला, त्यांत त्यांची गणना होते. या वादकांची कामगिरी कोट्यवधी श्रोत्यांच्या कानांवर पडली, तथापि त्यांची नावे बहुधा कोणास ठाऊक नव्हती. गोन्साल्विस यांचे नाव मात्र घरोघरी पोहोचले. पण ते एका विनोदी चित्रपटगीतातील पात्राचे नाव म्हणून.

गोव्यात पोर्तुगीज अंमलाच्या काळी चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना प्रार्थनेबरोबरच स्वरलेखनवाचन, समूहगान व व्हायोलिन यांचे शिक्षण देण्याची प्रथा होती. पाच रेघांवर लिहिलेले स्वर पाहताक्षणी गाता किंवा वाजवता येणे ही तेथे साक्षरतेइतकीच सामान्य गोष्ट मानली जाई. व्हायोलिन हे वाद्य चर्चपुरते मर्यादित राहिले नाही. मांडो या गीतप्रकाराच्या साथीस व्हायोलिन आणि घुमट ही दोन वाद्ये शेजारी शेजारी बसत. एक युरोपातून आलेले, दुसरे घोरपडीचे कातडे ताणून बसविलेले मातीचे. गोन्साल्विस यांचे वडील माजोर्ड्याच्या चर्चमध्ये गायनवृंदाचे प्रमुख होते व मुलाचे प्रारंभीचे शिक्षण याच वातावरणात झाले.

शेती तुटपुंजी व नोकऱ्या थोड्या असल्याने गोव्यातील तरुण मुंबईची वाट धरीत. त्यांतील अनेकांना गावोगावच्या लोकांनी चालविलेल्या ‘कूड’ नावाच्या वसतिस्थानांचा आधार असे. वादकांना तेथे हॉटेलांतील नृत्यपथके, जॅझ वाद्यवृंद व नाट्यगृहे यांत काम मिळे. १९३५ मध्ये मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला, त्यामुळे अभिजात रचना वाजविण्याचीही काही सोय झाली. परंतु त्यावर उदरनिर्वाह चालण्याजोगी स्थिती नव्हती. बोलपट रुळू लागल्यावर वाचून वाजविणाऱ्या वादकांना मागणी वाढली. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट (आंतोनियो झेवियर वाझ) हे सी. रामचंद्र यांच्याकडे, तर फाळणीपूर्वी लाहोरात आपले पथक चालविणारे सेबॅस्टियन डिसोझा हे पुढे ओ. पी. नय्यर व शंकर–जयकिशन यांच्याकडे आले. गोन्साल्विस १९४३ मध्ये नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून दाखल झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सोळा वर्षांचे होते.

वादकापासून वाद्यवृंदरचनाकार होण्यापर्यंतचा त्यांचा प्रवास समजून घेण्यास त्या काळच्या कामाची रीत पाहणे आवश्यक आहे. संगीतदिग्दर्शक हार्मोनियमवर चाल बसवी व गाऊन दाखवी. चालीतील रागाचे अंग, शब्दांचे वजन आणि ठेका हे त्याचे क्षेत्र. गीतापूर्वीचे वाद्यसंगीत, दोन कडव्यांमधील तुकडे, गायकाच्या ओळीखालून वाहणारी व्हायोलिनांची दुसरी स्वररेषा, कोणत्या ठिकाणी बासरी थांबून चेलोने स्वर उचलायचा, हे सर्व कागदावर उतरविण्याचे काम रचनाकाराकडे असे. काही दिग्दर्शक वाद्यतुकड्यांचीही चाल स्वतः सुचवीत. काही ते काम पूर्णतः रचनाकारावर सोपवीत. एकदा मुख्य आराखडा तयार झाला की, त्यातून प्रत्येक वाद्यगटासाठी स्वतंत्र पत्रे नकलून काढली जात. बहुमार्गी ध्वनिमुद्रणाची सोय नसल्याने गायक व सर्व वादक एकाच वेळी, एकाच दालनात उभे राहत वा बसत आणि शेवटच्या स्वरात कोणी चुकला तरी पुन्हा आरंभापासून वाजवावे लागे. पाहताक्षणी अचूक वाजविणाऱ्या गोमंतकीय वादकाची किंमत येथे होती. त्याच्या वाचनाने स्टुडिओच्या भाड्याचे तास वाचत. महल (१९४९), दिल्लगी (१९४९) व नया दौर (१९५७) या चित्रपटांच्या संगीतात गोन्साल्विस यांचा सहभाग होता.

पत्रांवरून वाजविणाऱ्यांबरोबर हिंदुस्थानी पद्धतीत शिकलेले वादकही त्याच दालनात असत व ते आपले स्वर सा, रे, ग, म या अक्षरांत लिहून घेत. महाराष्ट्रातील प्रभाकर जोग (१९३२–२०२१) हे या दुसऱ्या परंपरेचे ठळक उदाहरण होय. गीतरामायणातील साथीमुळे व ‘गाणारे व्हायोलिन’ या आपल्या वादनशैलीमुळे ते सर्वश्रुत झाले. जोगांचे व्हायोलिन शब्द उच्चारीत असल्याचा भास होई. गोमंतकीय वादकांचे बळ वीस-वीस गजांच्या एकदिल चलनात होते. हिंदी चित्रपटगीताला या दोहोंची गरज पडली आणि दोन लिप्या वाचणारे लोक एकाच ठेक्यावर वाजवीत राहिले, हे या संगीताचे एक लक्षणीय वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

गोन्साल्विस यांचे वेगळेपण असे की, त्यांना स्टुडिओतील कामापुरती रागांची ओळख पुरेशी वाटली नाही. लिहून दिलेले वाजविण्यात निपुण असलेल्या या तरुणाला, न लिहिता तासभर विस्तारत जाणाऱ्या रागाने ओढून घेतले व त्यांनी हिंदुस्थानी संगीताचा अभ्यास आरंभिला. रागाला धक्का न लावता त्याला पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या रचनेत बसविता येईल काय, हा प्रश्न त्यांनी पुढे आपला मानला. त्यासाठी १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला. मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादकांसह त्यांच्या रचना सादर झाल्या व त्यांत लता मंगेशकर आणि मन्ना डे हे एकल गायक म्हणून सहभागी झाले. दिवसा चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात वाजविणारेच वादक बहुसंख्येने येथे होते. ‘सोनातीना इंडियाना’ आणि सारंग रागातील कंचेर्तो या त्यांच्या रचनांची नावेच त्यांचा हेतू स्पष्ट करतात.

हा प्रश्न किती अवघड होता, हे सारंगाच्याच उदाहरणावरून ध्यानात येते. पाश्चात्त्य स्वरसंवादाचा पाया तीन स्वरांचा गुच्छ. मूळ स्वर, त्याचा तिसरा व पाचवा. सारंगात गंधार व धैवत वर्ज्य असतात. म्हणजे षड्जावर गुच्छ रचू गेल्यास मधला स्वरच हाती नाही. पूर्ण विसाव्याची जागा, जी युरोपीय रचनेत सर्वांत भक्कम असावयास हवी, ती येथे पोकळ राहते. उलट पंचमावर शुद्ध निषाद व रिषभ घेऊन, तसेच कोमल निषादावर रिषभ व मध्यम घेऊन गुच्छ सहज होतात. गंधार घातला तर सारंग राहत नाही, न घातला तर स्वरसंवाद अपुरा वाटतो. अशा वेळी षड्ज–पंचमाचा अखंड आधारस्वर ठेवणे, किंवा गुच्छांऐवजी एकमेकांस छेदत जाणाऱ्या दोन-तीन स्वतंत्र स्वररेषा गुंफणे, एवढेच मार्ग रचनाकारापुढे उरतात. चित्रपटगीतात ही अडचण क्वचितच जाणवे, कारण तेथे तीन मिनिटांच्या अवधीत रागाला मोकळीक दिलेली चालत असे. मैफलीतील रचनेला ती सवलत नव्हती. गोन्साल्विस यांनी सोपा मार्ग सोडून हा मार्ग धरला, यातच त्यांची खरी योग्यता आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. अशा प्रयोगांना लागणारा कायम वाद्यवृंद, तालमींचा खर्च व आश्रयदाता मात्र त्या काळच्या मुंबईत नव्हता.

अभिजात शिक्षण घेतलेल्या व्हायोलिनवादकाने लोकप्रिय संगीतात जाणे ही घटना अन्यत्रही घडली. अमेरिकेत रिचर्ड ग्रीन (जन्म १९४२) यांनी बालपणी अभिजात वादनाचे शिक्षण घेतले, १९६६ मध्ये ते बिल मन्रो यांच्या ब्लूग्रास पथकात आले व नंतर सीट्रेन या रॉक पथकात गेले. बँजो, मँडोलिन, गिटार, व्हायोलिन व डबल बास या वाद्यांवर उभ्या असलेल्या ब्लूग्रासमध्ये नगारे नसतात. गजाची मुठीकडील बाजू तारांवर आपटून ठेक्याचा आघात काढण्याची जी युक्ती पुढे रूढ झाली, तिचे श्रेय ग्रीन यांना दिले जाते. भारतीयांपैकी एल. शंकर यांनी १९७० नंतरच्या दशकात शक्ती या पथकातून कर्नाटक व्हायोलिन जॅझशी जोडले. या दोघांची व गोन्साल्विस यांची तुलना केली असता एक फरक नजरेत भरतो. ग्रीन व शंकर हे मंचावर, श्रोत्यांच्या डोळ्यांदेखत वाजवीत. त्यांच्या नावाच्या ध्वनिमुद्रिका निघत. मुंबईचा वादक काचेच्या आड असे. तबकडीवर गायकाचे, गीतकाराचे व संगीतदिग्दर्शकाचे नाव छापले जाई; वाद्यवृंद रचणाऱ्याचे क्वचितच. रोजंदारीवर मोबदला घेतल्यानंतर त्या संगीतावर त्याचा कोणताही हक्क उरत नसे आणि लिहिलेली पत्रे काम संपताच निकामी समजली जात. त्यामुळे कोणत्या गीतातील कोणता तुकडा कोणाचा, हे आज ठरविणे फार कठीण झाले आहे.

शिक्षक म्हणून गोन्साल्विस यांचा प्रभाव अधिक स्पष्टपणे दाखविता येतो. वांद्रे येथील घरी ते व्हायोलिनचे वर्ग घेत. राहुलदेव बर्मन यांचा त्यांच्या शिष्यांत उल्लेख केला जातो. परंतु त्यांचा सर्वांत निष्ठावान शिष्य म्हणजे ट्रंपेटवादक रामप्रसाद शर्मा यांचा मुलगा प्यारेलाल (जन्म १९४०). घरच्या ओढगस्तीमुळे लहान वयातच स्टुडिओत वाजवू लागलेला हा मुलगा पुढे लक्ष्मीकांत कुडाळकर यांच्या जोडीने संगीतदिग्दर्शक झाला. लक्ष्मीकांत–प्यारेलाल यांच्या गीतांतील व्हायोलिनांचे भरदार ताफे व त्यांची रेखीव मांडणी यांमागे गोन्साल्विस यांची शिकवण असल्याचे प्यारेलाल यांनी वेळोवेळी आदराने सांगितले आहे. मनमोहन देसाई यांच्या अमर अकबर अँथनी (१९७७) या चित्रपटातील नायकाला गुरूचे आडनाव मिळाले, तेही प्यारेलाल यांच्यामुळेच. ईस्टरच्या अंड्यातून बाहेर पडून नायक आपले नाव सांगतो ते गीत अफाट लोकप्रिय झाले. हे नाव एका हयात संगीतकाराचे आहे, हे मात्र ते गुणगुणणाऱ्या फारच थोड्यांच्या कानी आले.

तोवर स्वतः गोन्साल्विस यांनी चित्रपटसृष्टीचा निरोप घेतला होता. १९६५ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठाच्या प्रवासवृत्तीवर ते अमेरिकेस गेले. परत आल्यानंतर ते स्टुडिओकडे फिरकले नाहीत. माजोर्ड्याला त्यांनी शांतपणे दिवस काढले. १९८० नंतर विद्युत् स्वरसंयोजकांचा प्रसार झाला, तसे मोठे तंतुवाद्यगट हळूहळू ओस पडले व चाळीस वर्षे चाललेला तो व्यवसायच आटला. या वादकांच्या आठवणी नोंदविण्याचे काम उशिराच सुरू झाले. ग्रेगरी बूथ यांचा मुंबईच्या चित्रपटवादकांवरील ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, तर मराठी चित्रपटसमीक्षक अशोक राणे यांनी गोन्साल्विस यांच्यावर माहितीपट तयार केला. गोव्यातच त्यांचे निधन झाले.