त्वचाशुष्कता व कुष्ठनिदान
वाशीम (प्राचीन वत्सगुल्म) येथील पद्मतीर्थात स्नान केल्याने वासुकी राजाचा महारोग बरा झाला, अशी आख्यायिका आहे. कोरडा चट्टा म्हणजे महारोगच नव्हे. थंडी, वार्धक्य, इसब वा अवटू ग्रंथीची न्यूनता यांमुळेही त्वचा शुष्क होते. खरा भेद संवेदनेत असतो. कुष्ठात तंत्रिका बाधित झाल्याने घाम थांबतो व स्पर्शज्ञान लोपते. त्वचेची ही बधिरता सुश्रुतसंहितेतही नोंदलेली आहे. नॉर्वेतील हॅन्सन यांनी १८७३ मध्ये जंतू शोधल्यानंतर त्वचालेपाची सूक्ष्मदर्शकीय तपासणी शक्य झाली. तथापि जंतू अल्प असल्यास ते लेपात आढळत नाहीत. म्हणून कापसाच्या टोकाने केलेली स्पर्शपरीक्षा अद्यापि महत्त्वाची आहे. बहुविध औषधोपचाराने (१९८२ पासून) रोग पूर्ण बरा होतो. मात्र निदान लांबल्यास आलेले व्यंग सहसा जात नाही आणि चुकीच्या निदानाने निरोगी माणसाच्या वाट्याला बहिष्कार येतो.