बर्गंडीचे नवे जुनेपण

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात, दिजों शहरापासून दक्षिणेकडे बोन नगरीवरून सांतने गावापर्यंत, सुमारे साठ किलोमीटर लांबीची चुनखडीची एक उतरण पसरलेली आहे. तिला कोत दोर म्हणतात, आणि तिच्या पूर्वाभिमुख अंगावर पिकणाऱ्या द्राक्षांच्या मद्याने त्या प्रांताचे नाव जगभर पोचविले. या मार्गाने जाणाऱ्या प्रवाशाला ठायी ठायी मध्ययुगाचा भास होतो; रंगीत कौलांचे धर्मार्थ रुग्णालय, लाल-सोनेरी झगे घालून मिरवणारे मद्यरसिकांचे मंडळ, संत व्हिन्सेंटच्या मूर्तीची गावोगावची मिरवणूक, हे सारे पाहून त्याची खात्रीच पटते, की येथे पाचशे वर्षांत काही हललेले नाही. दप्तर उघडले म्हणजे मात्र निराळी हकीकत निघते. जमिनीच्या सीमा खरोखरीच पुरातन आहेत. परंतु त्यांवर उभारलेला उत्सवांचा आणि आतिथ्याचा डोलारा बहुतांशी गेल्या सव्वाशे वर्षांतला असून त्याचा मोठा भाग निव्वळ अडचणीपोटी उभा राहिला आहे.

सीमांचे श्रेय प्रथम साधूंना द्यावे लागते. 1098 मध्ये सितो येथे मठ स्थापन झाला, आणि पुढील शतकापासून सरदार-जमीनदारांनी परलोकाच्या चिंतेने इनाम दिलेल्या व मठाने स्वतः खरेदी केलेल्या तुकड्यांची जुळवाजुळव होऊन वूजो येथे सुमारे पन्नास हेक्टरांची एक सलग द्राक्षबाग सिद्ध झाली. 1336 पर्यंत तिच्याभोवती दगडी भिंतही पुरी झाली होती. कोणत्या तुकड्यातले द्राक्ष कसे उतरते याची पिढ्यान्‌पिढ्यांची पारख येथल्या जमिनीच्या नावांत साठून राहिली आहे, आणि अशा सुमारे साडेबाराशे नामांकित तुकड्यांची 2015 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात नोंद केली. साधूंच्या पाठोपाठ राजसत्ता आली. धाडसी फिलिप म्हणून प्रसिद्ध असलेल्या ड्यूकने 1395 मध्ये फर्मान काढून भरघोस पण हलके पीक देणारी गामे जातीची वेल समूळ उपटून टाकण्याचा हुकूम दिला आणि बागांत शेणखत घालण्यासही मनाई केली. पिनो जातीचा लौकिक राखणे हा त्यातला हेतू उघड होता. पण फर्मानाने पोट भरत नाही हे ओळखणाऱ्या गरीब शेतकऱ्याने सपाटीवर गामे लावणे काही सोडले नाही, आणि त्याला दोष देणे मला तरी जमत नाही.

राज्यक्रांतीने चर्चची मालमत्ता जप्त केली आणि 1791 मध्ये वूजोची बाग विक्रीस निघाली. आज त्या एका भिंतीच्या आत ऐंशीहून अधिक खातेदार नांदतात, आणि याचा सारा दोष नेपोलियनच्या समान वारसाहक्काच्या कायद्यावर टाकण्याची रूढी आहे; परंतु ही बाग एकोणिसाव्या शतकाचा बहुतेक काळ एकाच घराण्याच्या ताब्यात अखंड होती, आणि 1889 मध्ये ती अनेक गिऱ्हाइकांना विकली गेली तेव्हाच तिची खातेफोड सुरू झाली. भाऊबंदकीच्या वाटण्या झाल्या त्या त्यानंतर.

वेलींच्या सरळ ओळी ज्या डोळ्यांना सनातन वाटतात, त्यांचे वयही एवढेच. पूर्वी येथे वेल वाटेल तशी दाटीने वाढे, आणि जुनी फांदी जमिनीत पुरून दाबकलमाने नवी वेल उठवीत. 1878 मध्ये मेर्सो येथे फिलॉक्झेरा ही मुळे शोषणारी अमेरिकन कीड आढळली, आणि अल्पावधीत बागांमागून बागा वाळून गेल्या. तिच्यावर इलाज निघाला तोही अमेरिकेतूनच: तिकडच्या वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम करणे. बर्गंडीत या उपायाला 1887 पर्यंत परवानगी नव्हती, कारण उच्च कुळीच्या वेलीला परका खुंट जोडण्याची कल्पना अनेक बागाइतदारांना सहन होत नव्हती. पुढे नव्याने लागवड झाली ती मात्र नांगर फिरेल अशा ओळींत.

बोनचे रुग्णालय, म्हणजे ओतेल-द्यू, 1443 मध्ये तत्कालीन ड्यूकचा चान्सेलर निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी युद्ध आणि दुष्काळ यांनी गांजलेल्या गोरगरिबांसाठी स्थापन केले. रोलँने इतक्यांना गरीब करून सोडले होते, की त्यांच्यासाठी रुग्णालय बांधणे त्याला भागच होते, असा टोमणा अकराव्या लुईच्या नावावर सांगतात. येथे 1971 पर्यंत रोगी होते. देणगीदारांनी दिलेल्या द्राक्षबागा हेच संस्थेचे वतन, आणि त्यांच्या मद्याचा जाहीर लिलाव 1859 पासून भरत आला आहे. रॉजिये व्हान डर वेडनने रंगविलेला अंतिम न्यायाचा चित्रफलक पाहण्यासाठी येथे अवश्य थांबावे. पण प्रवासी ज्या कौलांची छायाचित्रे काढीत राहतात ती 1902 ते 1907 या काळात नव्याने चढविलेली आहेत.

यापुढची घडामोड दोन महायुद्धांमधल्या काळातली. अमेरिकेत दारूबंदी, पाठोपाठ जागतिक मंदी, तळघरांत पडून राहिलेला माल, आणि व्यापाऱ्यांच्या मिश्रणांमुळे गेलेला भरवसा, अशी चहूकडून कोंडी झाली तेव्हा बर्गंडीने आपला भूतकाळ कामाला लावला. दिजोंच्या गास्तों जेरार या महापौराने 1921 मध्ये खाद्यजत्रा सुरू केली. तोडणी संपल्यावर मजुरांना घालावयाचे जेवण मेर्सोच्या एका बागाइतदाराने 1923 मध्ये पुनरुज्जीवित केले आणि पुढे ते प्रतिष्ठितांच्या पंगतीचे निमित्त झाले. 1934 मध्ये नुई-सें-जॉर्जच्या एका तळघरात झगेवाल्या रसिकांचे मंडळ स्थापन झाले, आणि संत व्हिन्सेंटची फिरती मिरवणूक त्याच मंडळाने 1938 मध्ये सुरू केली. दरम्यान 1935 च्या कायद्याने मद्याच्या नावाला त्याच्या भूमीशी बांधून टाकले, आणि 1937 मध्ये ख्यातनाम बागांचा राजमार्ग आखण्यात आला.

ताटातल्या पदार्थांचीही कुळकथा अशीच आहे. दिजोंच्या मोहरीचे बी बरेचसे कॅनडातून येते. एपवास हे उग्र वासाचे चीज जवळजवळ नामशेष झाले होते, ते 1956 मध्ये एका शेतकरी जोडप्याने पुन्हा बनवावयास घेतले. आणि पांढऱ्या आलिगोते मद्यात काळ्या मनुकेवजा कासिस फळाचे गोड मद्य मिसळून होणाऱ्या पेयाला ज्याचे नाव चिकटले, तो फेलिक्स कीर नावाचा धर्मोपदेशक 1945 ते 1968 पर्यंत दिजोंचा महापौर होता.

हे सारे कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर 1936 नंतर पालटले. त्या वर्षीच्या कायद्याने फ्रेंच कामगाराला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, लेओ लाग्रांज या उपमंत्र्याने रेल्वेच्या सवलतीची तिकिटे सुरू केली, आणि ज्याला हॉटेल परवडत नव्हते असा माणूस तंबू घेऊन बाहेर पडला. पुढे नगरपालिकांनी तंबूंसाठी जागा राखल्या. बोनमध्ये अशी एक जागा आहे, आणि दिजोंतही कीरच्या कारकिर्दीत 1964 मध्ये खुल्या झालेल्या तलावाच्या काठी दुसरी आहे. बर्गंडीच्या नव्या परंपरांत मला हीच सर्वांत आदरणीय वाटते, कारण ती माल खपविण्याकरिता निघाली नव्हती. वाचकांपैकी कोणी तिकडे गेलाच, तर त्याने झगेवाल्यांच्या महागड्या पंगतीच्या आमंत्रणासाठी खटपट करू नये; तंबू टाकावा, बाजारातून पाव आणि एपवास आणावे, आणि उरलेल्या पैशांत ओतेल-द्यूचे तिकीट काढावे.