वडिलांचा फळा, किर्लोस्करांची खबर आणि गल्लीतलं फरसाणचं दुकान

आजचा विषय संयोजकांनी दिला तेव्हा आम्ही आधी हसलो. ‘छोट्या व्यावसायिकांनी समाजमाध्यमांवर सातत्य कसं टिकवावं?’ आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. रील आम्ही कधी केलेलं नाही, आणि या वयात करणारही नाही. तरी होकार दिला, तो आमच्या गल्लीतल्या एका मुलामुळे.

त्याचं फरसाणचं छोटं दुकान आहे. पहाटे पाचला भट्टी लागते, रात्री दहाला शटर खाली येतं. मागच्या वर्षी त्याला कुणीतरी सांगितलं, की रोज निदान दोन व्हिडिओ टाकल्याशिवाय धंदा वाढत नाही. मग शटर लावल्यावर हा एक वाजेपर्यंत फोन घेऊन बसायचा. चार महिन्यांत डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली, आणि एका रात्री झोपेच्या गुंगीत कढईतल्या तेलाने हात भाजला. आम्हाला म्हणाला, “सर, आता शेव तळायची की शेवेचा व्हिडिओ करायचा?” हा प्रश्न आम्हाला कोणत्याही परीक्षेतल्या प्रश्नापेक्षा अवघड वाटला.

आता आपण असं समजतो, की धंद्याने गिऱ्हाइकासाठी काही लिहायचं, दाखवायचं, ही मोबाईलबरोबर आलेली गोष्ट आहे. तसं नाही. आपल्याकडेच त्याचं शंभर वर्षांपूर्वीचं एक उत्तम उदाहरण आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव तुम्ही ऐकलेलं आहे. आज ते नाव मोठं आहे. पण सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून झाली. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर. औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी जागा दिली आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर मात्र लगेच खपला नाही. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. इथे नीट लक्ष द्या. ‘आमचा नांगर घ्या, आमचा नांगर घ्या’ असं हजार वेळा ओरडून ही समजूत गेली असती का? नसती गेली. त्यासाठी शेतकऱ्याशी बोलायला हवं होतं, आणि त्याच्याच शेताबद्दल बोलायला हवं होतं.

१९२० साली या कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचावी, एवढाच मूळ हेतू. संपादक शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे शं. वा. कि. हे चित्रकलेचं शिक्षण घेतलेले गृहस्थ. त्यांनी हेरलं, की नुसत्या यंत्रांच्या गुणगानाने वाचक फार दिवस टिकणार नाही. मग अंकात उद्योगाची माहिती आली, प्रवास आले, गोष्टी आल्या, समाजातले वाद आले. १९२९ च्या सुमारास ‘खबर’ गळून ते ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघालं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच ‘किर्लोस्कर’मध्ये आले. नांगर विकणाऱ्यांचं पत्रक मराठी घरात वाचनाची सवय होऊन बसलं! ज्यांनी जन्मात नांगर धरला नाही, असेही लोक पुढच्या अंकाची वाट बघत.

हे कशामुळे साधलं? आमच्या मते दोन कारणांमुळे. एक, वाचकाला त्यातून स्वतःच्या उपयोगाचं काहीतरी मिळत होतं, माल घेतला तरी आणि न घेतला तरी. दुसरं कारण चालीचं. मासिक महिन्यातून एकदा यायचं. लिहिणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत, वाचणाऱ्याला वाट बघण्याची गोडी.

तुम्ही म्हणाल, सर, त्यांच्यामागे कारखाना होता, आमच्यामागे काय आहे? रास्त आहे. मग लहान उदाहरण सांगतो. आमच्या वडिलांचं तालुक्याच्या गावी धान्याचं दुकान होतं. दाराशी एक काळा फळा. बाजाराच्या दिवशी सकाळी वडील त्यावर ज्वारीचा, गुळाचा, तुरीचा भाव लिहीत. खाली एक ओळ जागा सोडलेली असे. एसटीची वेळ बदलली, नळाला पाणी येणार नाही, दवाखान्यात लस आली, असं काहीतरी तिथे यायचं. लोक फळा वाचायला थांबत आणि थांबले की आत येत. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटांचं काम. आम्ही लहानपणी विचारलं होतं, “रोज का लिहीत नाही?” वडील म्हणाले, “रोज सांगण्यासारखं असतं कुठे?”

कांट नावाच्या तत्त्वज्ञाने १७८५ साली सांगितलं, की माणसाला कधीही नुसतं साधन म्हणून वागवू नका. वर्गात हे शिकवताना आमचं लक्ष नेहमी दुसऱ्या माणसाकडे असायचं: गिऱ्हाइकाला फसवू नका, वगैरे. पण कांट पुढे असंही म्हणतो, की स्वतःलाही नुसतं साधन करू नका. आमच्या गल्लीतल्या मुलाने नेमकं तेच केलं होतं. दुसऱ्या कुणाच्या तरी ॲपला रोज चारा घालण्याचं तो साधन झाला होता.

आणि ते ॲप आपलं नसतं, बरं का. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. त्यावर मेहनतीने जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. बंदी योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही. मुद्दा एवढाच, की भाड्याच्या जागेत आपण घर बांधत होतो. किर्लोस्करांकडे वर्गणीदारांचे पत्ते होते, वडिलांकडे स्वतःचा फळा होता.

मग आम्ही त्या मुलाबरोबर एका दुपारी बसलो. त्याला विचारलं, गिऱ्हाइकं रोज काय विचारतात? चकली किती दिवस टिकते, पन्नास माणसांना चिवडा किती लागेल, उपासाला यातलं काय चालतं, शेव मऊ पडली तर काय करायचं. पंधरा-वीस प्रश्न निघाले. म्हणजे चार-पाच महिन्यांची बेगमी झाली! आता तो आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी, एका प्रश्नाचं उत्तर टाकतो. काम चालू असतानाच भट्टीशी चित्रण होतं, वेगळा थाट नाही. वर्ष फिरलं की दिवाळीचे प्रश्न पुन्हा येतातच, तेव्हा जुनंच थोडं सुधारून घ्यायचं. आणि दुकानात एक वही ठेवली आहे. ज्याची इच्छा असेल तो गिऱ्हाईक आपला नंबर त्यात लिहितो. उद्या कोणतंही ॲप बंद पडलं, तरी वही त्याचीच राहणार.

विक्री दुप्पट झाली का? नाही. खोटं कशाला सांगा. पूर्वी होती तेवढीच आहे, सणाला थोडी वाढते. म्हणजे रात्रीची ती जागरणं नसती, तरी काही बिघडलं नसतं. परवा आम्ही दुकानाशी गेलो, तर एक आजी त्याला विचारत होत्या, “या शुक्रवारी काय सांगणार आहेस रे?”

हाताचा डाग अजून आहे. झोप मात्र पूर्ण होते, असं त्याची आई म्हणाली.

इथेच थांबतो.