लालबागच्या खानावळवाल्या आणि आपल्या गटाची वही

आज आपण मुंबईला जाणार आहोत. समुद्र आणि राणीची बाग बघायला नाही, तर लालबाग, परळ, दादर आणि गिरगावच्या चाळींत. तिथे आपल्यासारख्याच बायांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी गट बांधले, बँकेची पायरी चढल्या आणि दुसऱ्या बायांना शिकवायला उभ्या राहिल्या. त्यांना ना कुणी सहयोगिनी म्हणत होतं, ना सीआरपी. हे शब्दच तेव्हा नव्हते. मग त्या घडल्या कशा? आम्ही गटांचं काम करणाऱ्या जणी हा प्रश्न सारख्या एकमेकींना विचारतो, म्हणून आजचा विषय हाच धरला.

आपल्या भागातल्या किती घरांतला आजा किंवा चुलता 'मुंबईवाला' होता, आठवा. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडाची पहिली गिरणी काढायची ठरवली आणि पुढच्या काळात परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा सगळा पट्टा गिरण्यांनी भरून गेला. त्याला गिरणगाव म्हणू लागले. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे अशा जिल्ह्यांतून गडी तिकडे गेले. बायको-पोरं मागे राहिली, शेत सांभाळत आणि मनिऑर्डरची वाट बघत. दहा-बाय-बाराच्या खोलीत पंधरा-वीस गडी राहायचे. कुणी पहिल्या पाळीला जायचा, कुणी रातपाळीहून येऊन त्याच जागेवर आडवा व्हायचा. या गड्यांना दोन वेळ जेवू कोण घालणार?

इथे बाया येतात. सुरुवातीला गिरणीत बायाही बऱ्याच होत्या. १९२०च्या दशकात शंभर कामगारांमागे वीसेक तरी असायच्या, वाइंडिंग आणि रिळाच्या खात्यात. पुढे रातपाळीला बाईला बंदी, १९२९चा बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा, नवी यंत्रं अशी कारणं होत गेली आणि मालकांनी बायांची भरती कमी कमी करत नेली. बाईच्या भल्याचा कायदा झाला आणि मालकाने बाईच नको म्हटलं, ही गोष्ट आपल्याला आजही ओळखीची वाटेल. गिरणीचं दार बंद झालेल्या आणि नवऱ्याची नोकरी बदलीची, म्हणजे आज आहे उद्या नाही अशी असलेल्या पुष्कळ बायांनी घरातच खानावळ सुरू केली.

खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. आपल्याच खोलीत, आपल्याच चुलीवर किंवा स्टोव्हवर दहा-पंधरा गड्यांचं जेवण करायचं. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, डबे भरायचे, पाळी सुटेल तशी पंगत बसवायची आणि रात्री भांडी घासून झाली की उद्याचं धान्य निवडायचं. पैसे मिळायचे गड्याचा पगार झाल्यावर. तोवर किराणा उधारीवर. उधारीवरचा वाणी देईल तो भाव आणि देईल तो माल. कमी पडलं की सावकार, आणि सावकाराचं व्याज महिन्याच्या बोलीवर.

आता हिशेब बघा. कोण किती दिवस जेवला, कुणी गावाला जाऊन खाडा केला, कुणाचा पाहुणा दोन दिवस पानावर बसला, वाण्याचे किती, सावकाराचे किती. हे सगळं या बाया तोंडी ठेवायच्या. बहुतेकींना अक्षर येत नव्हतं. पण अशा बाईला 'अडाणी' म्हणायला आमची जीभ वळत नाही. प्रशिक्षणात आम्हाला प्रौढ शिक्षणाचं एक तत्त्व सांगतात: बाईला जे येतं तिथून सुरुवात करा. लालबागच्या बाईला काय येत होतं, तर पंधरा माणसांचा महिन्याचा हिशेब. गरज होती ती कुणीतरी तिला सांगायची, की बाई, हाच हिशेब बँकेलाही हवा असतो.

ते सांगणारी बाई म्हणजे प्रेमाताई पुरव. मूळच्या गोव्याच्या. तरुणपणी गोवामुक्तीच्या लढ्यात उतरल्या, नंतर मुंबईत गिरणी कामगारांमध्ये लाल बावट्याचं काम केलं. त्यांचे पती दादा पुरव हे बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीतले पुढारी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गिरण्यांत ४२ दिवसांचा संप झाला. पगार बंद, म्हणजे खानावळीचे पैसे बंद. तरी बायांनी पंगत मोडली नाही. भांडी, किडूकमिडूक गहाण पडलं, पण गडी उपाशी ठेवला नाही. संपाच्या सभांमध्ये कामगारांचा जयजयकार झाला; त्या कामगारांना जेवू घालणारी मात्र कुणाच्याच यादीत नव्हती. तिला ना युनियन, ना पगारपत्रक. प्रेमाताईंच्या नजरेला हे आलं आणि पुढचं आयुष्य त्यांनी या बायांसाठी दिलं.

बाहेरचा काळही त्याला जोडून आला होता. १९६९ साली १४ मोठ्या बँका सरकारने ताब्यात घेतल्या आणि गरिबाला कर्ज द्या असा आदेश निघाला. १९७२ पासून अगदी गरिबांसाठी ४ टक्के व्याजाची योजनाही होती. त्याच वर्षी दुष्काळ आणि महागाई, आणि मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते यांनी बायांना रस्त्यावर आणलं. लाटणं मोर्चे ते हेच. म्हणजे योजना कागदावर होती आणि बाया रस्त्यावर होत्या. मधला दुवा तेवढा नव्हता. बँकेत शिरून साहेबाच्या टेबलासमोर बसेल आणि परत येऊन चाळीत दुसरीला समजावेल, अशी बाई पाहिजे होती.

१९७५ साली १४ खानावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू झालं. बायांना बँकेचं कर्ज मिळालं. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण बचत गटांना बँकेशी जोडण्याचा नाबार्डचा प्रयोग सुरू झाला तो १९९२ साली, ५०० गटांपासून. म्हणजे लालबाग-परळच्या बायांनी हे सतरा वर्षं आधी करून दाखवलं. बांगलादेशात मोहम्मद युनूस यांनी जोबरा गावात काम सुरू केलं ते १९७६चं. अहमदाबादला इलाबेन भट्ट यांच्या सेवा संघटनेची बायांची सहकारी बँक १९७४ साली उभी राहिली होती. तिथे सही न येणाऱ्या बाईच्या पासबुकावर तिचा फोटो लावायचे. सगळीकडे साधारण एकाच वेळी बायांना कळलं, की तारण ठेवायला सोनं-जमीन नसेल तर एकमेकींना तारण ठेवता येतं.

अन्नपूर्णेची पद्धत अशी. वस्तीवार छोटे गट. एकीचं कर्ज दुसऱ्या जणी जामीन. गटाची एक प्रमुख, आणि ती प्रमुख बाहेरून आलेली शिकलेली बाई नव्हे, खानावळवालीच. तिचं काम काय? नव्या बाईला खरंच खानावळ आहे का ते बघायचं, आणि त्यासाठी पंगतीच्या वेळेला जायचं. मग अर्जाचे कागद जमवायचे, रेशनकार्ड, फोटो. बँकेत सोबत जायचं. हप्ता चुकला तर घरी जाऊन विचारायचं, आजारपण आहे की नवऱ्याने पैसे काढून घेतले. दुसरं असेल तर नवऱ्याशीही बोलायचं.

हे सोपं नव्हतं, मैत्रिणींनो. गड्यांचं जेवण उरकून, एक चांगलं लुगडं नेसून, उन्हातून बँकेत जायचं, तिथे तासभर उभं राहायचं आणि 'उद्या या' ऐकून परत यायचं. घरी आल्यावर सासू किंवा नवरा विचारणार, कुठं उंडारायला गेली होतीस? एकटीने गेली तर ती दुसऱ्या वेळी जाणार नाही. पाच जणी गेल्या तर साहेब खुर्ची देतो, आणि घरीही बोलणारा जरा दबतो. त्या जाण्यायेण्यातच प्रशिक्षण होत होतं. पहिल्या वेळी ती दाराशी उभी राहून ऐकते, दुसऱ्या वेळी नाव सांगते आणि चौथ्या वेळी नव्या बाईला घेऊन स्वतः पुढे होते. आमच्या मते गटाची कार्यकर्ती घडते ती इथे. वर्गात तिला नियम कळतात, पण धीर या खेपांमध्ये येतो.

वर्ग नको असं मात्र आम्ही म्हणत नाही. सहकारी संस्थांच्या लोकांना शिकवायचं काम मुंबईत १९१८ पासून सुरू झालं. आजचा महाराष्ट्र राज्य सहकारी संघ ही त्याचीच परंपरा. दप्तर कसं ठेवायचं, सभा कशी घ्यायची, लेखापरीक्षण म्हणजे काय, हे शिकल्याशिवाय सहकार चालत नाही. फक्त त्या वर्गात बसायला आधी संस्थेत पद लागायचं, आणि पदावर बहुतेक पुरुष असायचे. बाईला पद नाही म्हणून शिक्षण नाही, आणि शिक्षण नाही म्हणून पद नाही. अन्नपूर्णेने हा फेरा मधूनच तोडला. आधी जबाबदारी दिली आणि शिक्षण तिच्यासोबत चालवलं.

गिरगावची गोष्ट जरा वेगळी. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती भगिनी पापड लाटायला बसल्या. छगनलाल करमसी पारेख, ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणायचे, त्यांच्याकडून ८० रुपये उसने घेतले होते. त्या दिवशी चार पाकिटं झाली. हाच लिज्जत पापड. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये, आणि मोडके पापड शेजाऱ्यांना वाटले. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणली, खाटेवर पापड पसरले आणि खाली शेगडी पेटवली. काम चालू राहिलं. छगनबाप्पांनी दोन गोष्टी पक्क्या सांगितल्या होत्या: देणगी घ्यायची नाही आणि हिशेब चोख ठेवायचा. १९६६ साली संस्थेची नोंदणी झाली, खादी आयोगाची मान्यता मिळाली.

लिज्जतमध्ये आपल्यासाठी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे संचालिका. शाखा चालवणारी संचालिका पापड लाटणाऱ्या भगिनींतूनच येते. पीठ मळणं, लाट्या वाटणं, आणलेले पापड तपासून वजन करणं, पैसे चुकते करणं अशा कामांतून बाई फिरते. त्यामुळे संचालिकेला कुणी फसवू शकत नाही. ओला पापड हाताला कसा लागतो ते तिला ठाऊक असतं. आणि फायदा सगळ्यांचा तसा तोटाही सगळ्यांचा, म्हणून हिशेब विचारायला कुणी लाजत नाही.

तरी खरं सांगायचं तर आम्हाला अन्नपूर्णेची गोष्ट जास्त जवळची वाटते. तिच्यावर संकटही तसंच आलं. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप रीतसर मिटलाच नाही, गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. गडी गावाकडे परतले. तुमच्या-आमच्या घरांत ते परत आले तेव्हाची ओढाताण जुन्या बायांना आठवत असेल. पण तिकडे खानावळवालीचं काय झालं असेल? जेवणारेच गेले.

मंडळ फक्त कर्ज वाटणारं असतं तर इथेच संपलं असतं. बाया एकत्र बसल्या आणि ठरवलं, की कामगार गेले तरी जेवणारी माणसं मुंबईत आहेतच. दादरला मंडळाचं स्वयंपाकघर चाललं, कचेऱ्यांना आणि समारंभांना जेवण जाऊ लागलं. वीस गड्यांच्या भाकऱ्या करणारीला मोठ्या पंगतीचं प्रमाण, स्वच्छता, बिलं, वेळेवर पोच हे नव्याने शिकावं लागलं. वाशीला प्रशिक्षणाचं केंद्र झालं. पुढे पुण्यात १९९३ पासून प्रेमाताईंच्या कन्या मेधाताई सामंत यांनी वस्त्यांमधल्या बायांसाठी अन्नपूर्णा परिवार वाढवला. २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

१९७५ साली, अन्नपूर्णेच्याच वर्षी, २४ फेब्रुवारीला आपल्या महिला आर्थिक विकास महामंडळाची, माविमची, स्थापना झाली. पुढे गावोगाव गट झाले, सहयोगिनी आल्या, पंचसूत्री आली: बैठक, बचत, कर्जवाटप, परतफेड, लेखे. पाचवं सूत्र आमच्या पाहण्यात सगळ्यात मागे पडतं. दहा-दहा वर्षं एकच अध्यक्षा, एकच सचिव, आणि वही सहयोगिनीच्या पिशवीत. सहयोगिनीची बदली झाली की गट थंड. यात दोष एकट्या अध्यक्षेचा नाही. बाकीच्या नऊ जणींना 'तूच कर बाई, तुला जमतं' म्हणणं सोयीचं पडतं, आणि वही आपण लिहिली की महिन्याचं काम लवकर उरकतं, हे आम्हालाही सोयीचं पडतं.

म्हणून आमच्याकडच्या काही गटांनी आता ठरवलं आहे: पदं दोन वर्षांनी बदलायची, आणि बँकेत जाताना दर वेळी एक नवी बाई सोबत न्यायची. जिला लिहिता येत नाही तिने हिशेब तोंडी सांगायचा, लिहिणारीने तो लिहून मोठ्याने वाचायचा. एका गटात यावरून भांडण झालं, जुन्या सचिव महिनाभर बैठकीला आल्या नाहीत. दुसऱ्या गटात वही पहिल्यांदा हाती आलेल्या बाईने तीन महिन्यांपूर्वीचा ४० रुपयांचा फरक शोधून काढला. तिचं शिक्षण चौथी. लग्नात पन्नास माणसांचा स्वयंपाक ती एकटी बेतते. पुढच्या बैठकीत ती तो फरक सगळ्यांसमोर मांडणार आहे.